व्हॉट्सॲपवरचं मराठी प्रेसमध्ये गेलं की त्याची प्रश्नचिन्हं का होतात?

मागच्या लग्नसराईत पुतणीच्या पत्रिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरच्या ग्रुपवर आठ दिवस खल होऊन मजकूर ठरला, कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुठल्या मामांचं राहिलं, सगळं झालं आणि मी तो व्हॉट्सॲपवरून आमच्या सोलापुरातल्या नवी पेठेतल्या एका प्रेसला पाठवून दिला. संध्याकाळी गेलो तर ऑपरेटर पोरगा अख्खी पत्रिका पहिल्यापासून टाइप करत बसलेला. म्हणलं, अरे मी टाइप करूनच पाठवलंय की. तर त्यानं माझा मजकूर कॉपी करून त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट करून दाखवला. ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं. "आपल्याकडं युनिकोड चालत नाही ओ सर," एवढंच बोलला आणि परत कीबोर्ड बडवायला लागला. दुसऱ्या दिवशी प्रूफ आलं, त्यात 'आचार्यांच्या कृपाशीर्वादाने'चं 'आचाऱ्यांच्या कृपाशीर्वादाने' झालेलं. म्हणजे लग्न स्वयंपाक्याच्या आशीर्वादानं. वहिनींनी पकडलं म्हणून वाचलो.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीपण ठेवला. पण एका कॉम्प्युटरवरचं मराठी दुसऱ्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही ही भानगड अजून घरोघरी चालूच आहे, आणि हे असं का होतं ते विचारलं तर 'फॉन्टचा प्रॉब्लेम' याच्या पुढं कुणी काही सांगत नाही. म्हणून हा लेख. थोडं मागं जावं लागेल, म्हणजे बरंच मागं.

आधी खिळ्यांकडं

आमच्या गल्लीत एक काका आहेत, आता ऐंशीच्या घरात, उमेदीची सगळी वर्षं प्रेसमध्ये जुळारी होते. जुळारी म्हणजे कंपोझिटर, खिळे जुळवणारा. खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा ओतलेला छोटा तुकडा, त्याच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. समोर खणाखणांच्या लाकडी पेट्या, त्यांना केस म्हणायचे, डाव्या हातात स्टिक, उजव्या हातानं न बघता एकेक खिळा उचलून तीत ओळ लावायची. छापून झालं की तेच खिळे धुऊन परत आपापल्या खणात टाकायचे.

आता इंग्रजीला लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं, वर आकडे आणि विरामचिन्हं, संपलं. आपल्याला काय काय लागतं बघा. क, त्याचा अर्धा क, क्ष, क्त, क्र, उकार खाली, मात्रा वर, रफार वर, अनुस्वार वर. काही ठिकाणी अक्षर आणि त्याची मात्रा एकाच खिळ्यात ओतायचे, काही ठिकाणी मात्रेचा बारका तुकडा वेगळा करून अक्षराच्या डोक्यावर बसवायचे. कसंही करा, खिळ्यांचे प्रकार काही शेकड्यांत जायचे आणि जुळाऱ्याच्या समोर एका पेटीऐवजी पेट्यांची भिंतच उभी राहायची.

काकांकडून मी 'कार्तिकी' शब्द कसा लावायचा ते समजून घेतलं (पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, हा शब्द त्यांनी आयुष्यात किती वेळा लावला असेल कुणास ठाऊक). 'का' झाला की लगेच ऱ्हस्व वेलांटी, मग त, मग त्या त-च्या डोक्यावर रफार, मग 'की'. आपण तोंडानं काय म्हणतो? का, मग र्, मग त्, मग इ. म्हणजे बोलताना र् पहिला येतो आणि लावताना शेवटी, बोलताना इ शेवटी येते आणि लावताना सगळ्यात आधी. हा जो उलटापालटा हिशोब आहे तो जुळाऱ्याच्या डोक्यात असायचा. हे लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या लेखाची किल्ली हीच आहे: बोललेलं मराठी आणि दिसणारं मराठी यांच्यामधलं हे जुळवायचं काम कुणीतरी करावंच लागतं, प्रश्न एवढाच की कुणी.

दगडावर लिहून छापायचा शॉर्टकट

हे काम अवघड आहे म्हणून लोकांनी पूर्वीपासून पळवाटा शोधल्या. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं, भाषा मराठी, ओव्या मराठी, पण छापलं रोमन लिपीत कारण देवनागरी खिळेच नव्हते. आपण मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, ते चारशे वर्षांपूर्वीच होऊन गेलंय.

पुढं बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीनं १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापलं, त्यात देवनागरी खिळे आले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग काढलं ते मात्र शिळाछापावर. शिळाछाप म्हणजे दगडावर विशिष्ट शाईनं लिहायचं आणि त्याचा छाप घ्यायचा. खिळे नाहीत, जुळारी नाही, सुंदर हाताचा लेखक असला की झालं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील धर्मग्रंथाला हात लावेनात, तर गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली! शंभरहून जास्त वर्षं सोलापुरातून निघणारं दाते पंचांग भिंतीला अडकवलेलं ज्यांच्या घरी आहे त्यांनी एकदा विचार करा, तसलं बारक्या रकान्यांचं पान गणपत कृष्णाजींनी तुपाच्या शाईनं कसं छापलं असेल.

शिळाछापाची अडचण एकच. दगडावर असतं ते अख्ख्या पानाचं चित्र. त्यातला एक शब्द उचलून दुसरीकडं लावता येत नाही. पुढं पीडीएफचा विषय येईल तेव्हा हा दगड आठवा.

खिळ्यांचं काम खऱ्या अर्थानं देखणं केलं ते जावजी दादाजींनी. १८६४ ला टाइप फाउंड्री, म्हणजे खिळे ओतायचा कारखाना, १८६९ ला निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी अक्षरांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू. निर्णयसागरची जुनी पोथी कुठं मिळाली तर अर्थ लागो न लागो, नुसती अक्षरं बघा.

मशीनसाठी लिपीच कापा

विसाव्या शतकात टाइपरायटर आला, खिळे ओतणारी यंत्रं आली आणि सगळ्यांची बटणं ठरलेली. टाइपरायटरवर बटणं पन्नासच्या आत, प्रत्येकावर दोन चिन्हं, म्हणजे नव्वदएक चिन्हांत अख्खी देवनागरी कोंबायची. मग लिपीलाच कात्री लावायचे प्रस्ताव यायला लागले. सावरकरांनी अ-ची बाराखडी सुचवली, इ-ई-उ-ऊ काढून टाकायचे आणि अि, अी, अु, अू लिहायचं. काही जुन्या पुस्तकांत अजून ते दिसतं. तर्क बरोबर होता, खिळे वाचायचे. पण लोकांना ते डोळ्याला पटलं नाही आणि मागं पडलं. माझं मत विचाराल तर बरं झालं.

शेंगाचटणीच्या डब्यावर 'चहा'

आता कॉम्प्युटरवर येऊ. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला नंबर कळतो. तुम्ही एक बटण दाबता, तो एक नंबर साठवतो, आणि फॉन्ट नावाच्या फाइलमध्ये त्या नंबरच्या खणात जे चित्र असेल ते स्क्रीनवर काढतो. फॉन्ट म्हणजे खिळ्यांची केसच, फक्त शिशाऐवजी चित्रं.

डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं, आलं तेव्हा ही केस होती २५६ खणांची, त्यातले बरेच आधीच अडकलेले, आणि सगळ्या खणांवर लेबलं इंग्रजी अक्षरांची. मराठीला स्वतःचे नंबर त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतेच. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी जुगाड केला. लेबल इंग्रजीच राहू द्यायचं, आतलं चित्र काढून मराठी ठेवायचं.

म्हणजे कसं, आमच्या घरी शेंगाचटणी ठेवलीय त्या डब्यावर 'चहा' असं लिहिलंय. आम्हाला सगळ्यांना माहितीय, काही अडत नाही. पण पाहुणा आला आणि त्यानं सकाळी उठून चहा टाकला तर?

कृतिदेव फॉन्ट घ्या उदाहरणाला. त्यात 'मराठी' लिहायचं तर बटणं दाबायची छोटा ई, जे, के, मग मोठा बी, मग छोटा एच. म च्या जागी ई का? कारण जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरवर त्या जागी म होता, टायपिंगवाल्यांची बोटं तिथं बसलेली. कॉम्प्युटरच्या पोटात साठतं ते ई-जे-के-बी-एच. वरून फॉन्टचा चष्मा चढवला की 'मराठी' दिसतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडा, चष्मा नाही, मग ती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणजे ख्रिस्तपुराण रोमनमध्ये छापलं त्याला चार शतकं उलटत आली तरी मराठीच्या पोटात रोमनच, फक्त लपवलेलं.

आणि प्रत्येक कंपनीनं आपापली लेबलं लावली. श्रीलिपीत म एका खणात, कृतिदेवमध्ये दुसऱ्या, शिवाजीमध्ये तिसऱ्याच. एका घरचा डबा दुसऱ्या घरी कळेना.

आणि जुळारी? तो कुठं गेला? तो टाइप करणाऱ्याच्या खुर्चीत येऊन बसला. कृतिदेवमध्ये 'ति' लिहायला आधी वेलांटी, मग त, अगदी काकांनी लावला तसाच. काही अक्षरं तर अर्धं अक्षर एका बटणानं आणि काना दुसऱ्या बटणानं असं जोडून पूर्ण करायची. ऑपरेटर दिवसभर हे करतो म्हणून त्याची बोटं भराभर चालतात, आणि म्हणूनच त्याला तुमचा तयार मजकूर दुरुस्त करण्यापेक्षा नवीन टाइप करणं सोपं वाटतं.

युनिकोड म्हणजे नक्की काय

युनिकोड हा फॉन्ट नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेल्या नंबरांची एकच यादी. १९९१ साली पहिली आवृत्ती निघाली, त्यात देवनागरी होती. क चा नंबर ०९१५, जगात कुठंही जा, कुठलाही फोन घ्या, ०९१५ म्हणजे क. ए किंवा बी नाही, क. त्याच साली आपल्याकडं इस्की नावाचं भारतीय लिप्यांचं मानकही निघालं, पुण्याच्या सीडॅकचं त्यात मोठं काम, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरच बेतलेली आहे.

सोलापूरच्या माणसाला हे चादरीवरून पटकन कळेल. जॅकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या असतात, भोकाप्रमाणं ताण्याचे धागे उचलले जातात आणि चादरीवर मोर येतो. पट्ट्या त्याच ठेवा आणि सूत बदला, लाल मोर येईल, निळा येईल, पण येईल मोरच. युनिकोड म्हणजे पट्ट्या, फॉन्ट म्हणजे सूत. जुन्या पद्धतीत पट्ट्यांवर पोपट पाडलेला आणि सुताच्या करामतीनं तो मोर दिसतोय, सूत काढलं की पोपट.

आणखी एक गोष्ट युनिकोडनं केली. मजकूर बोलण्याच्या क्रमानं साठवायचा असं ठरवलं. 'कार्तिकी' म्हणजे क, काना, र, हलन्त, त, ऱ्हस्व वेलांटी, क, दीर्घ वेलांटी. आठ नंबर, बोलतो त्या क्रमानं. वेलांटी त-च्या आधी नेऊन ठेवणं, र्-चा रफार करून त-च्या डोक्यावर चढवणं, हे सगळं दाखवायच्या वेळी सॉफ्टवेअर करतं, नियम फॉन्टमध्ये लिहिलेले असतात. म्हणजे जुळारी आता मशीनच्या आत बसलाय. फोनवर 'त' टाइप करून वेलांटी दिली की ती टुणकन उडी मारून त-च्या आधी जाऊन बसते ना, तो जुळाऱ्याचा हात.

मग प्रेसमध्ये प्रश्नचिन्हं का?

कारण तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये जुळारी नाही. पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर, त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. त्याला युनिकोडचे नंबरच माहीत नाहीत, त्याच्यासाठी जग २५६ खणांचं. ०९१५ समोर आला की तो म्हणतो हे काय, आणि प्रश्नचिन्ह टाकतो. काही सॉफ्टवेअर त्याच्या एक पायरी पुढं असतात, त्यांना नंबर कळतो पण जुळवणी येत नाही. तिथं प्रश्नचिन्हं येत नाहीत पण वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. सरकारी बोर्डावर असलं मराठी बघून आपण 'यांना शुद्धलेखन येत नाही' म्हणतो, ते बऱ्याचदा शुद्धलेखन नसतंच, बिनजुळाऱ्याचं सॉफ्टवेअर असतं.

"पीडीएफ पाठवली की झालं ना?"

छापायला झालं, हो. पीडीएफ फॉन्ट सोबत घेऊन जाते, त्यामुळं दिसतं बरोबर. पण जुन्या फॉन्टातल्या पीडीएफच्या पोटात ई-जे-के-बी-एच असतं. त्यात 'मराठी' शोधा, सापडणार नाही. गूगलला सापडणार नाही. अंध माणसाला मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याला इंग्रजी समजून बडबडेल. कॉपी केलं तर भेळ. दगडावरचं पान, बघायला छान, पण त्यातला शब्द बाहेर निघत नाही.

हे पत्रिकेपुरतं असतं तर चाललं असतं. पण डीटीपीच्या काळातली असंख्य मराठी पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रांच्या सुरुवातीच्या वेबसाइट असल्याच फॉन्टांत आहेत. फॉन्ट गेला की फाइल असून नसल्यासारखी. माझ्या एका मित्राच्या वडिलांचा कवितासंग्रह नव्यानं काढायचा होता, सीडी मिळाली, फाइल उघडली, फॉन्ट कुठला ते कुणालाच आठवेना. शेवटी छापील पुस्तक समोर ठेवून पहिल्यापासून टाइप केला. मी त्याला फोन केला, "काय करलालास बे?" तर म्हणला, "बापाचंच पुस्तक कॉपी करतोय."

"कन्व्हर्टर आहेत की"

आहेत, आणि वापरा. पण कुठल्या फॉन्टमधून कुठं हे बरोबर सांगावं लागतं, आणि अडकतात ते ठरलेल्या जागी: रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि आपला खास मराठी ऱ्य. आचार्य आणि आचाऱ्या यांतला फरक हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीवरून बेतलेल्या पुष्कळ साधनांत त्याकडं दुर्लक्ष झालेलं असतं.

युनिकोडपण अगदी धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही बरं का. हाच अर्धा ऱ दोन वेगवेगळ्या तऱ्हेनं साठवता येतो, दिसतो सारखा. ॲपमधला ॲ युनिकोडमध्ये २००८ ला आला, त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र द्यायचे, अजून देतात. डोळ्याला फरक नाही पण शोधताना कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात.

"युनिकोडमध्ये ल आणि श हिंदी दिसतात"

ही तक्रार खरी, पण पत्ता चुकलेला. ल चा नंबर एकच आहे, तो पाकळीचा दिसणार की हिंदी वळणाचा ते सूत ठरवतं, म्हणजे फॉन्ट. विंडोजबरोबर येणारा मंगल र. कृ. जोशींनी केला, त्याचं वळण हिंदी ल-श चं, आणि सगळीकडं तोच दिसत राहिला म्हणून लोकांना वाटलं युनिकोड म्हणजेच हे. राज्य सरकारनं २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि मराठी वळणाचा श सांगितलेला आहे. आता मराठी वळणाचे फॉन्ट फुकट मिळतात, तिरो देवनागरी मराठी नावाचा तर खास मराठीसाठीच केलेला आहे. शिवाय मुक्ता, बालू असे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट आहेत. 'युनिकोडमध्ये व्हरायटी नाही' हे पंधरा वर्षांपूर्वी बरोबर होतं, आता नाही.

"मग प्रेसवाले बदलत का नाहीत?"

हे मी त्या पोराला विचारलं. त्याचं उत्तर आळशीपणाचं नव्हतं. वीस वर्षांच्या फाइली जुन्या फॉन्टात, गिऱ्हाईक दरवर्षी येऊन 'मागच्या वर्षीचंच काढा, फक्त तारीख बदला' म्हणतं. नवीन सॉफ्टवेअरला महिन्याला भाडं. आणि बोटं. रेमिंग्टनवर बसलेली बोटं इनस्क्रिप्ट या सरकारनं ठरवलेल्या कीबोर्डवर आणायची तर दोन-तीन महिने कामाचा वेग निम्मा, सीझनमध्ये कुणाला परवडतं? (यावर एक तोड आहे, रेमिंग्टनच्याच जागांवर युनिकोड टाइप करणारे कीबोर्ड मिळतात, हे त्याला माहीत नव्हतं.) इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत देवनागरीची जुळवणी आहे, पण एक सेटिंग बदलावं लागतं, ते न बदलता पेस्ट करून 'युनिकोड फुटतंय' म्हणून सोडून दिलेले बरेच जण आहेत.

तुमच्याकडून होण्यासारखं एवढंच. मजकूर युनिकोडमध्ये स्वतःकडं ठेवा, प्रेसला तो चालतो का ते आधी विचारा, नसेल चालत तर ऱ्य आणि रफाराचे शब्द प्रूफात बोट ठेवून तपासा. पुस्तक काढत असाल तर छापायच्या पीडीएफबरोबर युनिकोड मजकुराची फाइलही मागून घ्या, आणि हे पैसे द्यायच्या आधी ठरवा, नंतर कुणी देत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर काकांकडं गेलो, म्हणलं बघा, तुमचं काम आता फोन करतो. त्यांच्यासमोर 'कार्तिकी' टाइप केलं. वेलांटी उडी मारून त-च्या आधी जाऊन बसली, रफार डोक्यावर चढला. काकांनी चष्मा कपाळावर घेतला, फोन डोळ्यांशी नेला, बराच वेळ बघितलं.

"रफार वेलांटीत घुसलाय," म्हणाले. "मोठं करून दाखव."

मोठं करून बघितलं. घुसलेला होता.